पॉवर वाढवल्यावर सिग्नल बिघडतो: आधी फायबरमधील घट कमी करावी की नॉनलिनिअर नॉइज?

अंतिमवर्ष_ईटीसी
नमस्कार. प्रकल्पासाठी मी १,६०० किलोमीटरच्या ऑप्टिकल फायबर मार्गाचे सिम्युलेशन करीत आहे. ८० किलोमीटरचे २० टप्पे, प्रत्येक टप्प्यानंतर एर्बियम ॲम्प्लिफायर (क्षीण प्रकाश पुन्हा वाढवणारा), साधा जी.६५२ प्रमाणाचा फायबर (दर किलोमीटरला ०.२ डेसिबल घट) आणि ३२ गिगाबॉडचे (सेकंदाला ३२ अब्ज चिन्हे) १६-क्वाम चॅनेल (प्रत्येक चिन्ह १६ पैकी एका अवस्थेत) अशी मांडणी आहे. पॉवर वाढवत नेली की चुका कमी होत जातात, परंतु चॅनेलमागे साधारण १ डीबीएमच्या (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर) पुढे त्या पुन्हा वाढू लागतात. मार्गदर्शक सर म्हणतात की आधी घट कमी करा. माझा कल मात्र नॉनलिनिअर नॉइज आवरण्याकडे आहे. प्राधान्य कशाला द्यावे?

प्रकाशवाट
तुमच्या सिम्युलेशनमध्ये चूक नाही, प्रत्यक्ष मार्गावरही असेच घडते. एका टप्प्यात १६ डेसिबल घट होते, म्हणजे पाठवलेल्या प्रकाशाचा जेमतेम चाळिसावा भाग पुढच्या ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचतो, आणि ही तूट भरून काढताना ॲम्प्लिफायर उत्स्फूर्त उत्सर्जनाचा नॉइज त्यात मिसळतो. हा नॉइज सिग्नलच्या पॉवरवर अवलंबून नसल्यामुळे पॉवर वाढवल्याचा प्रारंभी फायदाच होतो. परंतु काचेचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेनुसार किंचित बदलतो (केर परिणाम), त्यामुळे प्रत्येक चॅनेल स्वतःची आणि शेजाऱ्यांचीही फेज हलवतो, आणि त्यातून उद्भवणारा नॉइज पॉवरच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: पॉवर १ डेसिबलने वाढवली की तो ३ डेसिबलने वाढतो. सर्वोत्तम पॉवरला नॉनलिनिअर नॉइज ॲम्प्लिफायरच्या नॉइजच्या निम्मा असतो. तुमच्या आलेखावर हे पडताळून पाहा.

या बिंदूवर गणित केले तर टप्प्याची घट कमी करून ॲम्प्लिफायरचा नॉइज ३ डेसिबलने घटवल्यास सिग्नल-नॉइज गुणोत्तर २ डेसिबलने सुधारते, तर नॉनलिनिअर नॉइजचा गुणांक तितकाच घटवल्यास केवळ १ डेसिबलने. म्हणून सरांचे म्हणणे योग्य आहे. शुद्ध सिलिकाच्या गाभ्याचा ०.१५ डेसिबलचा फायबर घेतलात तर टप्प्याची घट १२ डेसिबलवर येते. अर्थात त्यात प्रकाश अधिक अंतरापर्यंत तीव्र राहत असल्याने नॉनलिनिअर परिणाम थोडा वाढतो. तो वजा करूनही निव्वळ लाभ सुमारे २.४ डेसिबल उरतो.

तुमचा कलही अगदीच चुकीचा नाही. फायबरचे परिणामी क्षेत्रफळ (प्रकाश ज्या छेदात पसरतो ते) दुप्पट केल्यास केर गुणांक निम्मा होतो, त्यातून उद्भवणारा नॉइज एकचतुर्थांश होतो आणि गुणोत्तर २ डेसिबलने सुधारते. जी.६५४ प्रकारच्या फायबरमध्ये कमी घट आणि मोठे क्षेत्रफळ हे दोन्ही लाभ एकत्र मिळतात, म्हणूनच समुद्राखालील लांब केबलमध्ये त्याला पसंती मिळते.

स्प्लायसिंगवाला
वरील गणित मान्य आहे, परंतु फायबरच्या माहितीपत्रकातली घट आणि जमिनीत पुरलेल्या केबलची घट यांत फरक असतो, हे सिम्युलेशन करणारे विसरतात. चांगला फ्यूजन स्प्लाइस (फायबर वितळवून केलेला जोड) ०.०५ डेसिबलपेक्षाही कमी घेतो. मात्र जेसीबीने केबल तोडली की प्रत्येक दुरुस्तीगणिक जोड वाढत जातात, क्लोजरमध्ये (जोड ठेवण्याच्या पेटीत) फायबर घट्ट वळला की १५५० नॅनोमीटरला घट वाढते (१३१० ला ती दिसतही नाही), आणि धूळ बसलेला एक कनेक्टर सगळी बचत खाऊन टाकतो. ओटीडीआरचे (प्रकाशाचे स्पंद पाठवून परतणाऱ्या प्रकाशावरून घट मोजणारे उपकरण) माप दोन्ही टोकांकडून घेऊन सरासरी काढावी, कारण दोन वेगळ्या फायबरांच्या जोडावर एका बाजूने चक्क ‘वाढ’ दिसते. तुमच्या प्रकल्पात टप्प्यामागे दोन-तीन डेसिबल अधिक धरून पाहा.

अंतिमवर्ष_ईटीसी
दोघांचेही आभार. निम्म्याचे गणित जुळले. आणखी एक शंका: डिस्पर्शन (वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जाणे) शून्य असलेला फायबर घेतला तर दोन्ही अडचणी कमी होतील का?

प्रकाशवाट
नाही, नॉनलिनिअर नॉइज उलट वाढेल. डिस्पर्शन शून्याजवळ असले की चॅनेल एकमेकांच्या बरोबरीने धावतात, फोर-वेव्ह मिक्सिंग (चॅनेल मिसळून नव्या वारंवारतेचे तरंग तयार होणे) जोर धरते आणि नवे अनाहूत तरंग नेमके शेजारच्या चॅनेलवर पडतात. १५५० नॅनोमीटरजवळ शून्य डिस्पर्शन असलेला जी.६५३ फायबर याच कारणाने बहुचॅनेल वापरात गैरसोयीचा ठरला. तुमच्या फायबरचे दर किलोमीटर-नॅनोमीटरमागे १७ पिकोसेकंदांचे डिस्पर्शन राहू द्या. कोहिरंट रिसीव्हर (प्रकाशाची तीव्रता आणि फेज दोन्ही मोजणारा) ते गणिताने दूर करतो. डिजिटल बॅकप्रोपगेशनकडून (फायबरमधील बिघाड गणिताने उलटा फिरवण्याची पद्धत) मात्र फार अपेक्षा ठेवू नका, कारण शेजारचे चॅनेल तुमच्या रिसीव्हरला दिसत नसल्याने ते प्रामुख्याने स्वतःच्याच चॅनेलचा बिघाड निस्तरते.