शब्दचर्चा : बेसबॉलमधल्या ‘स्टार्टिंग रोटेशन’ला मराठीत काय म्हणायचं?

निशिगंध

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी बेसबॉलवरचा एक लेख मराठीत आणते आहे. विषय आहे लॉस एंजेलिस डॉजर्सची २०२६ च्या हंगामाची आखणी: यामामोतो, स्नेल, ग्लासनाउ, ओहतानी, सासाकी ही मंडळी कोणत्या क्रमाने सामने सुरू करणार, पाच जण ठेवायचे की सहा, वगैरे. वाचक बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. क्रिकेट त्यांच्या रक्तात आहे, बेसबॉल मात्र नातवंडांमुळे बघतात.

‘स्टार्टिंग रोटेशन’साठी मी ‘सलामीच्या गोलंदाजांचं चक्र’ असं लिहिलं. आतेभावाला मसुदा दाखवला, तर तो म्हणाला की ‘सलामी’ही चूक आणि ‘चक्र’ही चूक. त्याचं म्हणणं, रोटेशन तसंच ठेव. पण एकाच परिच्छेदात रोटेशन, स्टार्टर, बुलपेन, पिचर असं सगळं तसंच ठेवलं तर मराठीत उरतं काय? ‘आहे’ आणि ‘नाही’?

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: हंगामात १६२ सामने, तेही साधारण सहा महिन्यांत, जवळजवळ रोज. सामना सुरू करणारा पिचर (चेंडू टाकणारा; सुरुवात करतो म्हणून स्टार्टर) शंभराच्या आसपास चेंडू टाकतो आणि मग त्याच्या खांद्या-कोपराला चार दिवस विश्रांती लागते. म्हणून पाच जण ठरवून ठेवतात. पहिला टाकून झाला की दुसरा, मग तिसरा, आणि पाचवा झाला की परत पहिला. या व्यवस्थेला शब्द हवा आहे.

डावखुरा

तुमच्या आतेभावाचं ‘सलामी’बद्दलचं म्हणणं बरोबर आहे. बेसबॉलमध्ये ‘ओपनर’ ही वेगळीच चीज आहे. १९ मे २०१८ ला टॅम्पा बे रेजनी सर्जिओ रोमोला अनाहाइममध्ये सामना सुरू करायला पाठवलं. हा गडी एरवी शेवटच्या डावांत येणारा. त्याने पहिल्या डावात तिघांना बाद केलं आणि तो बाहेर गेला. नंतरचे सहाहून जास्त डाव रायन यारब्रोने टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोमोनेच सुरुवात केली. ‘सलामीचा गोलंदाज’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हा रोमो येतो. स्टार्टर याच्या अगदी उलट. त्याने सामन्याचा भार उचलायचा असतो, आणि किमान पाच डाव टाकल्याशिवाय विजय त्याच्या नावावर लागतच नाही.

जुनी_पेठ

मुळात ‘गोलंदाज’ हाच शब्द इथे का आणायचा? तो तोफखान्यातला आहे, तोफ डागणारा तो गोलंदाज. क्रिकेटने घेतला आणि रुळला, ठीक. बेसबॉलसाठी नवा घडवा. पिचर म्हणजे ‘क्षेपक’, स्टार्टर म्हणजे ‘आरंभक’ आणि रोटेशन म्हणजे ‘आवर्तन’. ‘आरंभक-आवर्तन’. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करायचे तेव्हा तेही लोकांना नवीनच होतं. ‘पायचीत’सारखा शब्द आज कोणाला खटकतो? महापौर, दिनांक, क्रमांक हे शब्दही कोणीतरी आग्रह धरला म्हणूनच आले.

बोरूबहाद्दर

‘क्षेपक’ नको हो. क्षेपक म्हणजे जुन्या पोथीत मागाहून घुसडलेली ओवी. हस्तलिखितांवर काम करणाऱ्या माणसाला ‘डॉजर्सकडे पाच उत्तम क्षेपक आहेत’ हे वाक्य वाचवणार नाही.

आणि ‘पायचीत’चं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. तो शब्द टिकला कारण ‘चीत’ आखाड्यातून आला होता, लोकांच्या तोंडात आधीपासून होता. ‘आरंभक’ कोणाच्या तोंडात आहे?

पाटकरी

आवर्तन शब्दावर थोडं बोलतो, कारण पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं. आमच्याकडे आवर्तन आणि पाळी या दोन वेगळ्या गोष्टी. धरणातून कालव्याला पाणी सुटतं ते आवर्तन: ‘रब्बीचं दुसरं आवर्तन सुटलं’. ते सगळ्यांचं मिळून एक. त्या आवर्तनात तुमच्या शेताला पाणी कधी मिळणार, किती तास मिळणार, ती पाळी. निशिगंधताई ज्याबद्दल विचारतायत, की आज कोण, उद्या कोण, ते आमच्या हिशोबाने पाळी आहे. पाचही जणांची एकेकदा पाळी झाली की एक आवर्तन पुरं. दोन्ही शब्द वापरा, दोन्हींना काम आहे.

पाळीपत्रक लावलं की त्यावर नाव, गट नंबर, क्षेत्र, वार, वेळ सगळं यायचं. शेवटच्या टोकाच्या शेतापासून सुरुवात करायची आणि वर मुखाकडे यायचं. हीच शेजपाळी. एखाद्याची पाळी रात्री दोनला असली तर माणूस बाराला येऊन बांधावर बसायचा. बॅटरी, घोंगडं, खांद्यावर फावडं. आधीच्याने दारं वेळेवर मोडलं नाही, म्हणजे पाणी पुढे वळवलं नाही, तर भांडण ठरलेलं. पाळी म्हणजे हक्क, आणि तो कोणत्या तासाला सुरू होतो आणि कोणत्या तासाला संपतो हे दोन्ही बाजूंना पाठ असतं. तुमच्या पिचरलाही आपला दिवस असाच पाठ असेल.

डावखुरा

पाठ असतो, आणि त्याचा अख्खा आठवडा त्यावर बेतलेला असतो. टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी हलका व्यायाम, मग मधल्या एका दिवशी बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या पिचरांच्या सरावाच्या जागेत, मोजके चेंडू, मग आदल्या दिवशी जवळजवळ काही नाही. दिवस हलला की सगळं हलतं. पाटकरीकाकांचा ‘पाळी’ मला पटला.

ओलीचिंब

पटला तरी छापता येणार आहे का? ‘सासाकीची पाळी चुकली’ असा मथळा मंडळाच्या अंकात आला तर काय होईल, विचार करा.

बोरूबहाद्दर

+१. हा प्रश्न खरा आहे. लेख साठीच्या पुढच्यांसाठी आहे म्हणून तर जास्तच.

वॉर्ड_सात

मला हा आक्षेप मनापासून नापसंत आहे. मी परिचारिका आहे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी हे शब्द माझ्या आधीच्या पिढीने गिरणीत, कारखान्यात, रुग्णालयात रोज वापरले आणि कोणी लाजलं नाही. बायकांच्या बाबतीत आधी ‘बाहेरची’, ‘अडचण’, ‘कावळा शिवला’ असं म्हणायचे. ‘पाळी’ हा शब्द त्यातल्या त्यात सरळ, कारण त्याचा अर्थच ‘ठरल्या वेळी येणारी’. एका अर्थामुळे बाकीचे सगळे अर्थ सोवळ्यात ठेवायचे, तर उद्या ‘माझ्यावर ही पाळी आली’ हेही बोलायचं नाही का? शब्द सोडून दिला की तो खरोखर जातो. आमच्याकडच्या नव्या मुली रात्रपाळी म्हणतच नाहीत, ‘नाइट’ म्हणतात.

ओलीचिंब

ताई, मी लाजण्याबद्दल बोलत नाहीये. वाचकाचं लक्ष कुठे जाईल, त्याबद्दल बोलतेय. ‘पाळी आली’, ‘पाळी चुकली’, ‘पाळी पुढे गेली’ ही तिन्ही वाक्यं या लेखात येणारच, कारण पिचरच्या बाबतीत हेच सगळं घडतं. तिन्हींवर वाचक अडखळणार. लेख बेसबॉलचा आहे.

वॉर्ड_सात

दोनदा अडखळेल. तिसऱ्यांदा नाही.

तुळजापूरकर

आमच्याकडे तर ‘पाळीकर’ ही ओळखच आहे. तुळजाभवानीच्या देवळात भोपे पुजारी आणि पाळीकर पुजारी अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ‘पाळीकर’ म्हटल्यावर कोणाच्या मनात भलतं काही येत नाही. ‘पिचर’च्या जागी नव्हे, पण रोटेशनमधल्या पिचरसाठी ‘पाळीकर’ का नाही वापरत? डॉजर्सचे पाच पाळीकर. बाकीचे जे बुलपेनमधून मधेच येतात, ते पाळीकर नव्हेत. फरक एका शब्दात कळतो.

निशिगंध

तुळजापूरकर, हे फार आवडलं! पण मग पाचवा कोण, सहावा कोण, आणि सुट्टीच्या दिवशी पाळी कोणाची, हे कसं सांगू? लेखाचा निम्मा भाग त्यावरच आहे.

डावखुरा

सुट्टीचा दिवस हाच खरा गुंता आहे. समजा पाच जण क्रमाने चालले आहेत आणि मधे एक दिवस सामना नाही. आता दोन वाटा. एक, क्रम राखायचा: सगळे एकेक दिवस पुढे सरकतात, प्रत्येकाला एक दिवस जास्त विश्रांती. दुसरी, दिवस राखायचा: पहिला पिचर पाचव्या दिवशी टाकणारच, मग पाचव्या क्रमांकाचा वगळला तरी चालेल. ‘दर पाचव्या सामन्याला’ आणि ‘दर पाचव्या दिवशी’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्वी संघ दुसरी वाट सर्रास धरत. आता खांदे जपायचे म्हणून पहिलीकडे कल आहे. ‘पाळी’ म्हटलं की मला क्रम ऐकू येतो, दिवस ऐकू येत नाही.

याच्याही आधी चौघांचंच रोटेशन असे, तीन दिवसांची विश्रांती. १९७१ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सच्या चौघांनी, म्हणजे पामर, मॅकनॅली, क्वेयार आणि डॉब्सन यांनी, प्रत्येकी किमान २० विजय मिळवले. आज १६२ सामने पाच जणांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला ३२-३३ येतात, सहा जणांत २७. डॉजर्सना सहा परवडतात याचं एक कारण ओहतानी. संघात १३ च पिचर ठेवता येतात, पण तो फलंदाज-पिचर दोन्ही म्हणून नोंदलेला, त्यामुळे त्या १३ त मोजला जात नाही. शिवाय यामामोतो आणि सासाकी जपानमधून आलेले, तिथे पिचर आठवड्यातून एकदाच टाकतो.

जुनी_पेठ

आठवड्यातून एकदा? म्हणजे ठरलेल्या वारी?

डावखुरा

बहुतेकदा हो. तिथे सोमवारी सहसा सामने नसतात, उरलेल्या सहा दिवसांना सहा जण. लोट्टे ओरायन्सचा मुराता चोजी कोपराच्या शस्त्रक्रियेतून परतल्यावर १९८५ मध्ये रविवारीच टाकायचा. लोक त्याला ‘संडे चोजी’ म्हणत.

जुनी_पेठ

मग यासाठी मराठीत अस्सल शब्द आहे: वार! ‘वार लावून जेवणे’. गरीब विद्यार्थी पुण्यात शिकायला यायचा, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. माझ्या आजोबांचे सातही वार लागलेले नव्हते. गुरुवार रिकामा होता, त्या दिवशी चुरमुऱ्यांवर भागवायचे. सदाशिव पेठेतल्या ज्या घरी त्यांचा शनिवार होता तिथल्या बाई भाताबरोबर मेतकूट वाढायच्या, आणि त्यांनी ते घर शेवटपर्यंत ‘माझा शनिवार’ असंच म्हटलं. घराचं आडनाव आम्हाला कधी कळलंच नाही. मुराताचा रविवार, सासाकीचा शुक्रवार: ‘वारकरी’ म्हणा त्यांना!

बोरूबहाद्दर

वारकरी? पंढरीची वारी सोडून?

जुनी_पेठ

वारी आणि वार एकच. वारंवार जाणं म्हणजे वारी.

बोरूबहाद्दर

कशावरून? ‘वार’ म्हणजे दिवस आणि ‘वार’ म्हणजे खेप, संस्कृतात दोन्ही आहेत हे मान्य, पण ‘वारकरी’वर हात टाकू नका. आणि अमेरिकेत सोमवारीही सामने असतात, एकच पिचर दर आठवड्याला वेगळ्या वारी येतो. तिथे वार लागूच होत नाही.

ओलीचिंब

‘पाळी’ हा ‘पाळणे’वरून आला ना? नियम पाळणे, दिवस पाळणे. तसं असेल तर डावखुरा म्हणतात तो दिवसाचा अर्थही त्यात आहे.

बोरूबहाद्दर

नाही. संस्कृत ‘पालि’ म्हणजे ओळ, कड. कानाची पाळी त्यातलीच. ओळीने येते ती पाळी. ‘पाळणे’ हा ‘पाल्’ धातूचा, रक्षण करण्याचा.

वॉर्ड_सात

शास्त्र काहीही सांगो, आमच्या वॉर्डात ‘पाळी पाळणे’ असंच म्हणतात. बोलणाऱ्यांनी दोन्ही एकत्र बांधून टाकलंय.

खोखोपटू

कोणी खो-खोचं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. संरक्षण करणारे तिघा-तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात आणि तो क्रम आधीच गुणलेखकाकडे नोंदवावा लागतो. कोणती तुकडी कधी जाणार यावर आम्ही रात्र-रात्र खल केलाय. दमाचा धावपटू पहिल्या तुकडीत घालायचा की राखून ठेवायचा, हा प्रश्न आणि यामामोतोला पहिला ठेवायचा की कसं, हा प्रश्न एकाच जातीचा. आम्ही त्याला ‘क्रम लावणे’ म्हणायचो. ‘डॉजर्सनी पुढच्या हंगामाचा क्रम लावला’. सरळ मराठी आहे.

डावखुरा

‘क्रम लावणे’ आखणीसाठी छान आहे. पण रोटेशन परत फिरून येतं, ते ‘क्रम’मध्ये ऐकू येत नाही. आणि अंतिम फेरीत सगळे क्रम मोडतात. यामामोतोने २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सहावा सामना सुरू केला, आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात येऊन शेवटचे आठ गडी बाद होईपर्यंत टाकत राहिला. विश्रांती शून्य. त्याला पाळी म्हणाल की क्रम?

पाटकरी

त्याला आम्ही ‘पाळीबाहेरचं पाणी’ म्हणायचो. पीक जळायला लागलं तर द्यावंच लागतं.

निशिगंध

उद्या मजकूर द्यायचा आहे. सध्या मथळ्यात ‘रोटेशन’, मजकुरात ‘पाळी’ असं ठेवते आहे. ‘पाळीकर’ संपादकांना विचारून. स्टार्टरचं अजून सुचलेलं नाही.

ओलीचिंब

मजकुरात ‘पाळी’ ठेवलीत तर मथळ्यातून काढण्यात काय अर्थ? दोन्हीकडे ‘रोटेशन’ ठेवा.

वॉर्ड_सात

दोन्हीकडे ‘पाळी’ ठेवा.

तुळजापूरकर

पाटकरीकाका, शेजपाळीतला ‘शेज’ कुठला? झोपायची शेज की शेजारचा?

पाटकरी

शेजारचा. एका शेताचं झालं की लगतच्या शेताचं. आमच्या धुळे भागात पांझरा नदीवर फड पद्धत होती (फड म्हणजे जमिनीचा मोठा तुकडा), तिथे पाण्याबरोबर पिकांचीही फेरपालट असे, एका फडात ऊस तर दुसऱ्यात ज्वारी. पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसं गावानेच नेमलेली. माझं इथलं नाव तिथूनच घेतलंय.

जुनी_पेठ

‘फेरपालट’! हा शब्द आत्तापर्यंत कोणी का नाही सुचवला?

बोरूबहाद्दर

कारण फेरपालटीत पीक बदलतं. मंत्रिमंडळाची फेरपालट होते तेव्हा माणसं जातात. इथे तीच पाच माणसं परत परत येतात. आणि ‘शेजारी’ची व्युत्पत्ती ‘शेज’वरून नाही असं माझं मत आहे, त्यावर सविस्तर लिहितो.