मदत हवी आहे: हा ट्रेड व्हेटो करू का? (फॅन्टसी बेसबॉल, जुलै २०२४, आज रात्री ११ च्या आत सांगा)

जर्सीकर
नमस्कार, पटकन सांगा, वेळ नाहीये. आमच्या लीगमधे काल एक ट्रेड पडलाय. बॅटर कॉर्बिन कॅरॉल देऊन क्लोझर (शेवटी येऊन मॅच संपवणारा पिचर) इमॅन्युएल क्लासे, एकास एक, बाकी काही नाही!! पहिल्या राउंडला गेलेला माणूस, गेल्या वर्षीचा रुकी ऑफ द इयर, २५ होमरन आणि ५४ स्टील (पळून चोरलेले बेस), आणि तो एका क्लोझरसाठी? ग्रूपवर सकाळपासून नुसता गोंधळ चाललाय. तीन व्हेटो पडलेत, ट्रेड रद्द व्हायला चार लागतात. ही लूट आहे की मलाच तसं वाटतंय? उपदेश नको, फेअर की अनफेअर एवढंच लिहा.

डगआऊट
रोटो (सीझनभराच्या आकड्यांवर गुण) का हेड-टू-हेड (दर आठवड्याला एकाशी सामना)? टीम किती? कोण देतोय, कोण घेतोय, दोघं कितव्या नंबरवर? हे काहीच न सांगता विचारणं म्हणजे डॉक्टरला फोन लावून "दुखतंय, गोळी सांगा" म्हणण्यासारखं आहे.

थालीपीठ
हे ड्रीम इलेव्हनसारखंच ना? त्यात ट्रेड कुठून आला, रोज नवी टीम लावायची असते.

जर्सीकर
नाही हो. मार्चमधे ड्राफ्ट होतो, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडायचे, मग सप्टेंबर संपेपर्यंत तीच टीम सांभाळायची, हवं तर आपसात अदलाबदल. रोटो, ५ बाय ५ (बॅटिंगच्या पाच, पिचिंगच्या पाच कॅटेगरी), १२ टीम. मला वाटलं सगळे तेच खेळतात. आठव्या नंबरवाल्याने कॅरॉल दिला आणि पहिल्या नंबरवाल्याने घेतला, म्हणून तर आग लागलीये.

उकडीचा_मोदक
यात डोकं कशाला शिणवायचं. ट्रेड अ‍ॅनालायझरमधे दोन्ही नावं टाका, ३० सेकंदात उत्तर. मी आत्ता टाकलं, ६८-३२ कॅरॉलच्या बाजूने आलं. ६०-४० च्या वर गेलं की आम्ही सरळ उडवतो, चर्चाच नाही.

डगआऊट
त्या अ‍ॅनालायझरला त्या आठव्या नंबरवाल्याचे सेव्ह (क्लोझरने राखलेल्या मॅच) किती आहेत ते माहितीये का? आणि जर्सीकर, तुम्ही सोयीने गेल्या वर्षीचे आकडे दिलेत. या वर्षीचे मी देतो. ऑल-स्टार ब्रेकपर्यंत (जुलैमधली सुट्टी) कॅरॉलची सरासरी .२१२ आणि होमरन ५. पाच! अर्धा सीझन गेला. मार्चमधला भाव जुलैत लावून कसं चालेल, मार्चमधे तर पिचर स्पेन्सर स्ट्रायडर पण सोन्याच्या भावाने गेला होता, एप्रिलमधे कोपराची सर्जरी झाली आणि सीझन संपला.

उकडीचा_मोदक
२३ वर्षांचा पोरगा आहे, फॉर्म येतो जातो. क्लास कायम असतो.

डगआऊट
क्लास कायम असतो म्हणून आम्ही पण टीमा बुडवल्यात.

बे_एरियावाला
माझं मत कायम एकच, व्हेटो फक्त मिलीभगत असेल तर, नाहीतर नाही. दुसऱ्याने आपल्या टीमचं वाटोळं करायचं ठरवलं तर तो त्याचा हक्क आहे. नोव्हेंबर २०२३ मधे गुजरातने हार्दिक मुंबईला दिला, तोही नुसत्या पैशांवर, समोरून एकही खेळाडू नाही, तेव्हा बाकीच्या आठ टीमांनी व्हेटो मारला का? आणि मग २०२४ ला मुंबई कुठे राहिली, दहावी. सगळे म्हणत होते मुंबईने लुटलं.

थालीपीठ
हार्दिकचं नाव काढू नका, वानखेडेवर जे झालं ते बघवत नव्हतं.

बे_एरियावाला
बघवत नव्हतं तर टीव्ही बंद करायचा, मी तर म्हणतो रोहितला…

निरुपमा_एम
क्रिकेटचा धागा वेगळा काढा प्लीज. जर्सीकर, त्या आठव्या नंबरवाल्याचे सेव्ह आणि स्टील किती, आणि त्याच्या वरखाली कोण किती, तेवढं टाका. फेअर आहे का ते तिथे कळेल, नावांवरून नाही.

जर्सीकर
हे मोबाईलवरून टाईप करतोय. सेव्हमधे त्याचे १४, तो ११ वा. त्याच्या वरचे १९, २३, २४, २७, मग एकदम ३८. स्टील १३१, तो दुसरा, खालचा १०४ वर आहे. एली डे ला क्रूझ आहे त्याच्याकडे, तो एकटाच भरतोय.

काकाश्री
जरा मागे जाऊ. हा खेळ १९८० मधे न्यूयॉर्कला डॅनियल ऑक्रेंटने मित्रांबरोबर सुरू केला, ज्या रेस्टॉरंटमधे ते जेवायला जमायचे त्याचं नाव ला रोटिसरी फ्रांसेझ, तिथून हा 'रोटो' शब्द आला. मी ८४ ला डेट्रॉइटला आलो, त्याच वर्षी तिथली टीम टायगर्स वर्ल्ड सिरीज जिंकली, बेसबॉल तिथेच लागला मला. पण सांगायचंय ते ८७ चं. ऑगस्टमधे टायगर्सनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर हा म्हातारा पिचर घेतला आणि बदल्यात मायनर लीगमधलं एक पोरगं दिलं. अलेक्झांडरने आल्यावर ९ मॅच जिंकल्या, एकही हरला नाही, आम्ही टोरोंटोच्या नाकावर टिच्चून डिव्हिजन जिंकलं. ते पोरगं म्हणजे जॉन स्मोल्ट्झ. पुढे हॉल ऑफ फेममधे गेला. आता सांगा, फेअर होता का? मला अजून ठरवता येत नाही आणि माझा मुलगा म्हणतो बाबा आता सोडा.

जर्सीकर
काका छान आहे, पण माझ्याकडे चार तास आहेत.

निरुपमा_एम
हे बघा. रोटोमधे प्रत्येक कॅटेगरीत पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. सेव्हमधे त्याला आत्ता २ मिळतायत. क्लासे उरलेल्या सीझनमधे पंधरा-वीस तरी सेव्ह देईल, वरचे चौघं १९ ते २७ मधे दाटीवाटीने बसलेत, ते पण पुढे सरकतील हे धरलं तरी तीन-चार जण तो सहज ओलांडतो. म्हणजे ३ ते ४ गुण नक्की, वर क्लासेचा ईआरए (पिचरने नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी) इतका कमी आहे की तिथेही थोडी मदत. आणि स्टीलमधे खालच्याशी २७ चं अंतर आहे, कॅरॉल गेला तरी बहुतेक दुसराच राहील. म्हणजे त्याने जास्तीचं दिलं आणि नसलेलं घेतलं. त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. पहिल्या नंबरवाल्याकडे क्लोझर किती आहेत?

जर्सीकर
तीन.

निरुपमा_एम
झालं मग. त्याला एक जड होता, याला एकही नव्हता.

उकडीचा_मोदक
पण कीपर लीग (काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात ती) असेल तर हा सगळा हिशोब कचऱ्यात. कीपर आहे का ते अजून सांगितलंच नाहीये.

जर्सीकर
हो कीपर आहे. दोन ठेवता येतात.

डगआऊट
अहो!!! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

उकडीचा_मोदक
बघा, मी म्हणालो होतो. आठव्या नंबरवाल्याने २३ वर्षांचा पोरगा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा की क्लोझर घ्यायचा? क्लोझर कुणी कीपर म्हणून ठेवतं का? अनफेअर. व्हेटो.

निरुपमा_एम
थांबा, मला पण आता खात्री वाटत नाहीये. त्याचे पुढच्या वर्षीचे दोन कीपर कोण असतील?

जर्सीकर
एली आणि बॉबी विट.

निरुपमा_एम
मग कॅरॉल तिसरा. तसाही मार्चमधे सोडावाच लागणार होता.

माळीण_आजी
मला यातलं कळत नाही पण नातवाला लिटल लीगमधे घातलंय, चामड्याचा ग्लोव्ह आणलाय तो इतका कडक आहे की मिटतच नाही. बदलून आणावा का?

काकाश्री
बदलू नका ताई. आत बॉल ठेवा, वरून जाड रबरबँड घट्ट गुंडाळा आणि रात्री गादीखाली ठेवून द्या. अधूनमधून चामड्याचं तेल, अगदी थेंबभर. आमच्या घरी दोन पिढ्यांचे ग्लोव्ह असेच मऊ झाले.

बे_एरियावाला
खोबरेल लावू नका म्हणजे झालं, आमच्याकडे आईने लावलं होतं, मुंग्या आल्या.

जर्सीकर
अरे ग्लोव्ह काय!! बरं ऐका, एक गोष्ट लिहिली नव्हती. ते दोघं साडू आहेत. एडिसनला एकाच गल्लीत राहतात, शनिवारी जेवायला एकत्र. प्रत्येकी ५० डॉलर आहेत लीगचे. आता बोला.

उकडीचा_मोदक
संपलं! साडू म्हटल्यावर संपलं.

बे_एरियावाला
साडू आहेत म्हणून संगनमत कसं काय? माझा साडू मला साधा चार्जर देत नाही. पुरावा काय, बक्षीस वाटून घ्यायचं ठरलंय का, आधी कधी असं केलंय का? मंडळातल्या लीगमधे कोण कुणाचा कोण नसतो, मग एकही ट्रेड होणार नाही.

डगआऊट
एक साधी टेस्ट असते. कॅरॉल फक्त साडूलाच दाखवला का बाजारात फिरवला होता? दुसऱ्या कुणाला ऑफर गेली होती का?

डगआऊट
जर्सीकर? आहात ना?

जर्सीकर
हो. जूनमधे मला पण विचारलं होतं. कॅरॉल घे आणि एक क्लोझर दे म्हणाला. मी नाही म्हणालो, तेव्हा कॅरॉल अगदीच वाईट खेळत होता.

निरुपमा_एम
😐

बे_एरियावाला
म्हणजे हाच ट्रेड तुम्हाला नको होता आणि दुसऱ्याने घेतला तर ती लूट. तुम्ही कितवे आहात लीगमधे?

जर्सीकर
दुसरा. पहिल्यापासून साडेतीन गुण मागे. आणि कमिशनर मीच आहे, म्हणून तर विचारतोय ना.

डगआऊट
आता कळलं उपदेश नको का म्हणत होता ते. साहेब, चौथं मत तुमचं आहे का?

जर्सीकर
हो.

निरुपमा_एम
मग मत देऊच नका. कमिशनर, वर दुसरा नंबर, वर हीच ऑफर नाकारलेला. बाकीच्या सहांपैकी कुणाला मारायचा तर मारू दे. आणि पुढच्या वर्षी हे मतदान काढून टाका, बाहेरचा एक माणूस नेमा ज्याची लीगमधे टीम नाही, ट्रेड त्याच्याकडे नावं झाकून पाठवायचे. आमच्या लीगमधे चार वर्षं हेच आहे.

उकडीचा_मोदक
मी अजूनही व्हेटोच म्हणतो. ६८-३२.

थालीपीठ
यात ओहतानी एक धरतात का दोन? तो पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करतो ना.

डगआऊट
साईटवर अवलंबून. कुठे एक असतो, कुठे बॅटर वेगळा आणि पिचर वेगळा. या वर्षी (२०२४) तो पिचिंग करतच नाहीये, त्यामुळे भांडण नाही.

जर्सीकर
११ वाजले. मी मत नाही दिलं. ट्रेड पास झाला. ग्रूपवर आता मला शिव्या पडतायत की कमिशनर झोपला होता का.

(ऑक्टोबर २०२४)

डगआऊट
धागा वर काढतोय. कॅरॉल शेवटी २२ होमरन आणि ३५ स्टीलवर संपला, म्हणजे ब्रेकनंतर १७ होमरन. क्लासे ४७ सेव्ह, ईआरए ०.६१. जर्सीकर, लीगचं काय झालं?

जर्सीकर
पहिला पहिलाच राहिला. आठवा सहावा झाला, सेव्हमधे चार जणांच्या वर गेला, निरुपमाताईंनी सांगितलं तसंच. मी तिसरा. कॅरॉल जूनमधे फुकटात मिळत होता हे बायको रोज एकदा आठवण करून देते. आणि साडूने साडूला जेवण दिलं, आम्हाला पण बोलावलं, पुरणपोळी होती, गेलो.

उकडीचा_मोदक
बघा, पार्टी दिली म्हणजे मिलीभगतच.

माळीण_आजी
काकाश्री, सीझन संपला पण ग्लोव्ह अजून कडकच आहे हो. गादी पातळ आहे म्हणून असेल का?