मदत हवी आहे : परभणीतील बंद झालेल्या घड्याळ दुकानातील सुट्या भागांचे काय करावे?

नमस्कार मंडळी. माझ्या थोरल्या मामांनी परभणीत जवळजवळ आयुष्यभर घड्याळदुरुस्तीचे दुकान चालवले. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी आता काम थांबवले आहे. जागा भाड्याची असल्याने दुकान रिकामे करून द्यायचे आहे आणि आतील सामानाची जबाबदारी त्यांनी माझ्यावर सोपवली आहे. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली असून वाळूजच्या एका कारखान्यात मापन विभागात काम करतो. मायक्रोमीटर आणि भिंग यांची मला सवय आहे. मात्र घड्याळाचे मशीन सुटे करून पुन्हा जोडण्याचा अनुभव अगदीच जुजबी आहे.

सामानाचे स्वरूप थोडे सविस्तर सांगतो, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे. लहान लहान खणांचे एक लाकडी कपाट आहे. मामांचे उस्ताद उर्दूत लिहीत असत आणि मामा मराठीत, त्यामुळे काही खणांवरील चिठ्ठ्या उर्दूत आहेत. काचेच्या नळ्यांत बॅलन्सचे (झोके घेणाऱ्या चाकाचे) स्टाफ, म्हणजे बारीक आस आहेत, कागदी पाकिटांत मेनस्प्रिंगा, म्हणजे चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य कमानी आहेत, आणि त्याखेरीज चाव्या, चावीचे दांडे, काटे, मापानुसार लावलेल्या प्लॅस्टिकच्या काचा, डायली आणि बरीच सुटी मशीन आहेत. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरील रेल्वे कर्मचारी, विशेषतः पूर्णा जंक्शनची मंडळी, मामांची जुनी गिऱ्हाइके. म्हणून वेस्ट एंडसारख्या कंपन्यांची जुनी स्विस मशीनही आहेत. बाकी भरणा अर्थातच एचएमटीचा आहे.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने सगळा माल न मोजता ठोक भावाने घेण्याची तयारी दाखवली आहे. हा सौदा मला पटत नाही. कारागिराच्या हाताशी नेमका लागणारा भाग असणे, हीच या धंद्याची खरी पुंजी असते, असे माझे मत आहे. ठोक भावात स्टाफची नळी आणि पिवळी पडलेली काच एकाच मोलाने जाणार. म्हणून जाणकारांना विचारतो की, या सामानातील कोणत्या गोष्टी आजही उपयोगी आहेत आणि कोणत्या टाकून द्याव्यात? कोणता भाग कोणत्या मशीनचा, हे कसे ओळखावे? आणि नोकरी सांभाळून हे काम शिकून, आठवड्याच्या सुट्टीला का होईना, चावीच्या घड्याळांची सर्व्हिसिंग करण्याइतका धंदा आपल्या भागात उरला आहे काय?

एक छोटी तांत्रिक शंकाही आहे. मामांच्या स्वतःच्या एचएमटी पायलटची सर्व्हिसिंग झालेली असूनही ते अलीकडे एकाएकी दिवसाला दहा-बारा मिनिटे पुढे जाऊ लागले आहे. हे कशाने होत असावे?

प्रतिसाद : नांदेडचा घडीसाज

आधी पायलटचे सांगतो, कारण ते सोपे आहे. एकाएकी इतके पुढे जाणारे घड्याळ बहुतेक वेळा चुंबकत्वाने बिघडलेले असते. स्पीकर, मोबाइलच्या झाकणातील चुंबक किंवा तुमच्या कारखान्यातील चुंबकी पकड यांच्याजवळ ते गेले असेल, तर बालकमानीचे, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या कमानीचे, वेढे एकमेकांना चिकटतात, कमान जणू आखूड होते आणि बॅलन्स भराभर हलू लागतो. चुंबकत्व काढण्याचे यंत्र मामांच्या टेबलावर नक्की असेल. घड्याळ त्यावर ठेवून बटण दाबावे, घड्याळ हळूहळू हातभर दूर न्यावे आणि मगच बटण सोडावे. जवळ असतानाच बटण सोडले, तर चुंबकत्व उलट शिल्लक राहते. एवढ्याने फरक पडला नाही, तर बालकमानीला तेल लागले आहे काय ते पाहावे. तेलानेही वेढे चिकटतात.

आता मालाविषयी. तुमच्याकडील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे जुन्या स्विस मशीनचे स्टाफ. स्टाफचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके बारीक असते, आणि धक्का झेलणारी व्यवस्था नसलेल्या मशीनमध्ये घड्याळ फरशीवर पडले की ते मोडणारच. एचएमटीच्या डायलवर ‘पॅराशॉक’ असे लिहिलेले असते. ती सिटिझन कंपनीची धक्का झेलण्याची रचना आहे आणि तिच्यामुळे स्टाफ मोडण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. म्हणूनच जुन्या पिढीतील कारागीर स्विस स्टाफ जपून ठेवत. ते स्टाफ आज नवे बनत नाहीत, आणि लेथवर घडवून देणारे हात फारच थोडे राहिले आहेत.

मेनस्प्रिंगांच्या बाबतीत मात्र मन कठोर करावे लागेल. निळसर रंगाच्या जुन्या पोलादी कमानी पाकिटात पडून गंजतात. गंजाचा एक ठिपकाही दिसला तर ती कमान केव्हा तुटेल, याचा नेम नसतो. पांढऱ्या मिश्रधातूच्या कमानी खुशाल ठेवा. पाकिटावरील मापे रुंदी, जाडी, लांबी आणि कमान ज्या डबीत बसते तिचा व्यास, या क्रमाने वाचावीत. जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही बॅलन्सचा झोका बदलतो, हे तुमच्यासारख्या मापन विभागातील माणसाला पटवून द्यायला नको. रबरी रिंगा आणि उघडलेल्या तेलाच्या बाटल्या मात्र निःसंकोच फेकून द्या.

ओळख पटवण्यासाठी डायलवर विसंबू नये. पूर्वी स्वित्झर्लंडमध्ये मशीन एका कारखान्याचे आणि नाव दुसऱ्याचे, हीच रीत होती; ए. शिल्ड आणि फॉन्टेनमेलॉन यांची मशीन शेकडो नावांखाली विकली गेली. मशीनचा क्रमांक आणि कारखान्याची खूण बहुधा बॅलन्सच्या खाली, मुख्य पट्टीवर कोरलेली असते. व्यास ‘लाइन’ या मापात सांगतात. एक लाइन म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर. क्रमांकानुसार वही केली, की ज्याला तुम्ही सामान म्हणता त्याचा साठा होतो आणि त्याला भाव येतो.

एक गोष्ट विशेष सांगतो. जुन्या डायली आणि काट्यांवर अंधारात चमकणारा पिवळट-तपकिरी लेप असेल, तर तो खरवडू नये, फुंकरू नये आणि त्याच खोलीत जेवू नये. तो रेडियमचा असू शकतो. रेडियमचे अर्धायुष्य सोळाशे वर्षांचे आहे. चमक गेली असली तरी किरणोत्सर्ग गेलेला नसतो, कारण आधी खराब होतो तो त्यातील जस्ताचा चमकणारा घटक. असे भाग बंद पिशवीत, वेगळे ठेवावेत.

प्रतिसाद : छत्रपती संभाजीनगरचा एक संग्राहक

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. बाजाराची बाजू तेवढी मांडतो. एचएमटीचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झाला, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळ कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. त्यानंतर जनता, पायलट, कोहिनूर, सोना या एचएमटी घड्याळांना हौशी लोकांकडून मागणी वाढली आणि तिच्याबरोबर भेसळही वाढली. जुन्या मशीनवर नव्याने छापलेली भडक डायल बसवून, दोन-तीन घड्याळांचे भाग एकत्र करून, पॉलिश मारून ‘जुने, अस्सल’ म्हणून विकण्याचा धंदा जोरात आहे. ठोक भावाने गेलेल्या मालाचा बराचसा भाग याच वाटेला लागतो. तुमच्या मामांच्या खणातील मूळ डायली, डाग असले तरी, तशाच राहू द्या. नव्याने रंगवलेल्या डायलीपेक्षा डाग पडलेली मूळ डायल संग्राहकाला अधिक मोलाची वाटते.

धंद्याविषयी मला थोडी वेगळी शंका वाटते. १९६९ च्या डिसेंबरात सेकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि त्यानंतरच्या पंधरा-एक वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातील सुमारे नव्वद हजार नोकऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरल्या. आपल्याकडे ही लाट टायटनबरोबर आली. सेल बदलून देणाऱ्याला आज गल्लोगल्ली काम आहे. चावीच्या घड्याळाचे पूर्ण सर्व्हिसिंग करून देणाऱ्याला परभणीत रोज गिऱ्हाईक मिळणार नाही. मात्र टपालाने काम स्वीकारले तर पुणे, मुंबई, हैदराबाद येथून घड्याळे येतील, कारण तिकडे हौस आहे आणि विश्वासू हात कमी आहेत. यांत्रिक घड्याळनिर्मितीच्या कारागिरीला २०२० मध्ये स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या वतीने युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आपल्या घडीसाजांची तशी नोंद कोणी घेईल असे दिसत नाही, परंतु कौशल्य तेच आहे.

आणखी एक प्रश्न विचारतो. गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला दिलेली आणि परत न नेलेली घड्याळेही त्या कपाटात आहेत काय? असल्यास ती साठ्यात मोजू नयेत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चुंबकत्वाचे निदान अचूक ठरले; सांगितलेल्या रीतीने घड्याळ यंत्रावरून दूर नेल्यानंतर पायलट आता मिनिटाच्या आत चालत आहे.

होय, न नेलेली घड्याळे आहेत आणि प्रत्येकाला नाव-गावाची चिठ्ठी बांधलेली आहे. मामांचे म्हणणे असे की ज्याची वस्तू त्याला किंवा त्याच्या मुलाबाळांना पोहोचलीच पाहिजे, आणि त्यासाठी आम्ही जिंतूर, पूर्णा आणि सेलू येथे ओळखीच्या लोकांकडून निरोप पाठवत आहोत. व्यापाऱ्याला नकार कळवला आहे.

शिकण्याबाबत विचारतो. सरावासाठी गजराच्या टेबल घड्याळापासून सुरुवात करावी की थेट एचएमटी घ्यावे? तसेच घड्याळाची गती मोजण्याचे यंत्र आताच घेण्याची गरज आहे काय?

प्रतिसाद : नांदेडचा घडीसाज

गजराच्या घड्याळातील कमान जोरकस असते. ती मोकळी न करता पट्टी उघडली तर बोट फाडते. त्यामुळे नवख्याने जपून राहावे. मी तर बंद पडलेले, बॅलन्स शाबूत असलेले एचएमटी घ्या असे सांगेन. पहिले काही आठवडे केवळ एकमेकांना फिरवणारी दात्यांची चाके काढणे, धुणे आणि परत बसवणे एवढेच करावे. बॅलन्सला हात लावू नये. तेलाचे शास्त्र त्यानंतर. कमानीच्या डबीला आणि चावीच्या भागांना दाट वंगण, वेगाने फिरणाऱ्या चाकांचे आस ज्यांत बसतात त्या खड्यांना पातळ तेल, पॅलेटच्या (चाकाला ठोक्यागणिक अडवून सोडणाऱ्या भागाच्या) खड्यांना त्यांचे स्वतंत्र वंगण, आणि पॅलेटच्या आसांना तर मुळीच नाही. जास्त तेल कमी तेलापेक्षा अधिक नुकसान करते.

गतिमापक यंत्र अवश्य घ्यावे, आता चिनी बनावटीचे बऱ्यापैकी स्वस्त मिळते. एचएमटीचे चावीचे मशीन तासाला अठरा हजार ठोके देते, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. त्यांतील चूक कानाने पकडण्याचे दिवस आमच्याबरोबर गेले. मात्र यंत्राच्या पडद्यावरील सेकंदांपेक्षा बॅलन्सच्या झोक्याचे अंश आधी पाहावेत. पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून झोका दोनशे सत्तर अंशांच्या आसपास असेल तर मशीन निरोगी आहे. दोनशेच्या खाली असेल तर वेळ कितीही बरोबर दाखवत असले तरी सर्व्हिसिंग अपुरी आहे. आपल्याकडील उन्हाळ्यातील काळ्या मातीची धूळ जुन्या केसच्या चावीतून आत शिरते, म्हणून चावीच्या नळीकडे पहिले लक्ष द्यावे. नांदेडला येणे झाले तर वही आणि दोन-तीन मशीन सोबत आणा, बसून पाहू.

धागाकर्ता

काका, अवश्य येतो. तोवर क्रमांकवार वहीचे काम चालू ठेवतो. उर्दूतील चिठ्ठ्या वाचून देण्यासाठी मामांच्या उस्तादांचे नातू तयार झाले आहेत. ए. शिल्ड आणि फॉन्टेनमेलॉन यांच्या मशीनच्या सुट्या भागांच्या जुन्या छापील सूच्या कोणाकडे असतील, तर त्यांतील स्टाफच्या मापांची पाने छायाचित्र काढून येथे द्यावीत, ही विनंती. चिठ्ठी गळून पडलेल्या नळ्यांतील स्टाफ मी मायक्रोमीटरने मोजून त्यांच्याशी ताडून पाहू शकेन.