आरेतला बिबट्या

'वाघाच्या क्लोजअपने जागृती होत नाही, नुसते लाईक पडतात' असं वन्यजीवांच्या फोटोंबद्दल एकाने म्हटलंय, ते बऱ्याच अंशी पटलं. पण छायाचित्रकार नयन खानोलकरांचा मुंबईच्या आरे कॉलनीतल्या बिबट्याचा फोटो बघा, २०१६ च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी गटात पहिला आलेला. बिबट्या फ्रेमभर नाहीच. वस्तीतला बोळ आणि त्यातून आपल्या वाटेने निघालेला तो. फ्लॅशसुद्धा बोळातल्या दिव्यांसारखा वाटेल असा लावलेला. पहिले चार महिने हाती काही लागलं नव्हतं म्हणे! तिथल्या वारली लोकांना त्याचं येणं-जाणं सवयीचं. बाहेरचे बिबटे पकडून शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सोडले, त्याच काळात हल्ले वाढले होते, हेही अशा फोटोखाली दोन ओळींत लिहावं. नुसत्या फोटोवरून ते कळणार कसं?