मदत हवी आहे: चिपवरचा डाय लेसर नुसताच चमकतो, लेसिंग होत नाही

नमस्कार मंडळी. पीडीएमएसच्या (पारदर्शक, रबरासारख्या सिलिकॉनच्या) चिपमध्ये द्रव डाय लेसर (द्रवात विरघळलेल्या रंगावर चालणारा) बसवायचा आहे, म्हणजे पुढे त्याच चिपवर फ्लुरोसन्सने नमुने तपासता येतील. आधार कॅल्टेकमधल्या साल्टिस गटाच्या २००६ च्या कामाचा: चॅनेलमध्येच (द्रव वाहायच्या बारीक नळीत) खांबांची ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे ठरावीक तरंगलांबीच परत फिरवणारी समान अंतरावरच्या खांबांची रांग, आणि तिच्यामुळे एकच मोड (प्रकाशाची एकच ठरावीक रचना).

डाय ऱ्होडामाइन ६जी, पंप (डायला ऊर्जा देणारा लेसर) ५३२ नॅनोमीटरचा, नॅनोसेकंद पल्सचा. पंपाचा किरण दंडगोल भिंगाने पट्टीसारखा करून चॅनेलवर वरून टाकतो. स्पेक्ट्रोमीटरवर मात्र फ्लुरोसन्सचा रुंद डोंगरच दिसतो. ऊर्जा वाढवली की डोंगर उंच होतो, लेसिंगची अरुंद, टोकदार रेषा काही येत नाही.

माझा संशय द्रावकावर आहे. पीडीएमएसचा अपवर्तनांक साधारण १.४१, इथेनॉलचा १.३६. म्हणजे प्रकाश चॅनेलमध्ये कोंडून राहायचं कारणच नाही, भिंतीतून निसटणार. मिथेनॉलमध्ये इथिलीन ग्लायकॉल (१.४३) मिसळून द्रवाचा अंक पीडीएमएसच्या जरासा वर नेता येतो. पण फार वर नेला तर जास्त मोड शिरतील, आणि ग्लायकॉल वाढलं की द्रव दाट होऊन सिरिंज पंपावर ताण येतो. बेंझाइल अल्कोहोल (१.५४) सुचवू नका, एकच मोड हवाय.

कुणी हे मिश्रण वापरलंय का? अंक रिफ्रॅक्टोमीटरवर मोजून जुळवता की तापमानाने? दुसरं, पल्स दर सेकंदाला दहाच असतील तर डाय विटू नये म्हणून प्रवाह सतत लागतो का, की मधूनमधून ढकललं तरी चालतं? शिवाय ऱ्होडामाइन पीडीएमएसमध्ये मुरून भिंती गुलाबी होतात, त्यावर काही लेप लावता का?