बाबांचे सहाशे दिवाळी अंक: काय ठेवावे, काय द्यावे?

सदाशिवपेठकर
सर्वांना नमस्कार. आमचा वाडा पुनर्विकासाला जात असून दसऱ्यापूर्वी जागा रिकामी करून द्यायची आहे, आणि तात्पुरते घर धायरीला दोनच खोल्यांचे मिळाले आहे. बाबांनी १९६२ पासून दरवर्षी घेतलेले दिवाळी अंक माळ्यावर, पलंगाच्या खणांत आणि फडताळात साठलेले आहेत. मोजायला बसले तेव्हा सहाशे चौदापर्यंत पोहोचले आणि तरीही दोन पोती उरली. ‘मौज’, ‘सत्यकथा’, ‘हंस’, ‘किर्लोस्कर’, ‘आवाज’ असे बहुतेक सगळे त्यांत आहेत. बाबांना जाऊन तीन वर्षे झाली. मागच्या आठवड्यात रद्दीवाल्याला बोलावले खरे, पण त्याने तराजू बाहेर काढताच मला धीर झाला नाही आणि मी त्याला परत पाठवले, कारण वरच्याच अंकाच्या अनुक्रमणिकेत प्रत्येक कथेपुढे बाबांनी पेन्सिलने वाचल्याची तारीख घातलेली होती. साठ-सत्तर अंकांपलीकडे मला नेता येणार नाहीत. निवड कशी करावी, आणि उरलेले कोणी घेईल का?

निवृत्त ग्रंथपाल
ताई, आधी यादी करा, निवड नंतर. नियतकालिक, वर्ष, मुखपृष्ठ शाबूत आहे की नाही आणि पाने सुटली आहेत का, एवढे चार रकाने पुरेत. पुणे मराठी ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर किंवा महाराष्ट्र साहित्य परिषद यांच्या दारात पोती नेऊन ठेवू नका. जागेची अडचण सगळीकडेच असते आणि बरेच अंक त्यांच्याकडे आधीपासून असण्याचा संभव आहे. यादी पाठवून ‘आपल्या संग्रहात यांपैकी कोणते नाहीत?’ असे विचारले, तर त्यांना उत्तर देणे सोपे जाते. ‘मनोरंजन’ने १९०९ साली ही परंपरा सुरू केली, आणि तेव्हापासूनचे किती अंक कुठे शाबूत आहेत हे अशा याद्यांवाचून कळायचे नाही. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले, त्यामुळे त्याची सलग वर्षे असतील तर ती फोडू नका. सुटा अंक आणि सलग संच यांच्या मोलात फार अंतर असते. जाहिरातींची पाने जड वाटली तरी फाडू नका. त्या काळचे साबण, रेडिओ आणि साड्या अभ्यासकाला तिथेच भेटतात.

कोथरूडची वाचक
यादी करतानाच टाचण्या पाहा. गंजलेली टाचणी ओढून काढली की कागद फाटतो. मधले पान उघडून तिचे दोन्ही पाय बोथट सुरीने सरळ करावेत आणि मग ती पाठीकडून हलकेच सोडवावी. नंतर त्याच भोकांतून सुती दोरा घातला तरी अंक नीट धरून राहतो. कसर किंवा वाळवी दिसली तर ते अंक त्याच दिवशी वेगळे करा. आम्ही आषाढात घर बदलले तेव्हा मी सगळे अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधले होते, आणि दोन महिन्यांनी पिशव्या सोडल्या तर तळच्या अंकांवर हिरवी बुरशी आलेली होती. त्याचे मला अजून वाईट वाटते. आपण पुठ्ठ्याचे खोके वापरा आणि ते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

नारायण पेठ
वरील सल्ल्याला माझी एकच पुस्ती आहे: पेन्सिलीच्या तारखा असलेले अंक यादीत लिहा, पण कोणालाही देऊ नका. ग्रंथालयाला दुसरी प्रत मिळू शकेल, तुम्हाला मिळणार नाही.

सदाशिवपेठकर
मनापासून आभार. कालपासून वहीत रकाने आखून एक पोते संपवले. त्यातल्या एक्केचाळीस अंकांपैकी नऊ अंकांवर तारखा आहेत, आणि एकावर तारखेशेजारी ‘हिला वाचून दाखवली’ असे लिहिले आहे. तो आईला दाखवला, तेव्हा कथा कोणती ते तिने न पाहता सांगितले. हे नऊ धायरीला येतील. ‘सत्यकथे’चे अंक दुसऱ्या पोत्यात असावेत, ते रविवारी उघडते.