त्रिमान कोडला पॅरिटीचा अंक जोडूनही किमान अंतर का वाढत नाही?

प्रश्न:
द्विमान (० आणि १ या चिन्हांच्या) रेषीय कोडचे, म्हणजे ज्यातील कोणत्याही दोन शब्दांची बेरीजही त्यातच असते अशा शब्दसंचाचे, किमान अंतर (कोणतेही दोन शब्द निदान किती जागी वेगळे असतात ती संख्या) विषम असेल, तर प्रत्येक शब्दाला पॅरिटीचा, म्हणजे अंकांची बेरीज सम करणारा, एक अंक जोडताच ते एकाने वाढते. हॅमिंगचा [७, ४, ३] कोड (लांबी ७, मिती म्हणजे स्वतंत्रपणे निवडता येणारे अंक ४, किमान अंतर ३) [८, ४, ४] होतो आणि गोलेचा [२३, १२, ७] कोड [२४, १२, ८] होतो. हीच कृती मी ०, १, २ या चिन्हांवरच्या, म्हणजे त्रिमान कोडवर करून पाहिली. (अ, ब, अ+ब) अशा (बेरीज म्हणजे ३ ने भागून उरलेली बाकी) नऊ शब्दांचा [३, २, २] कोड घेतला आणि सर्व अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जाईल असा चौथा अंक जोडला. तरीही अंतर २ च राहिले, कारण (१, २, ०) या शब्दाला चौथा अंक ० च मिळतो. या कोडपासून अंतर ३ मिळणेच अशक्य आहे, की माझी रीत चुकते आहे?

उत्तर १:
कोड चांगला आहे, जोडलेला अंक चुकीचा आहे. द्विमान शब्दात शून्येतर अंक १ हाच असल्यामुळे बेरीज आणि भार (शून्येतर अंकांची संख्या; रेषीय कोडमध्ये शून्येतर शब्दांचा सर्वांत कमी भार हेच किमान अंतर) यांची समविषमता एकच असते. त्रिमानात मात्र १ आणि २ एकमेकांना खोडतात, त्यामुळे भाराचा पत्ता अंकांच्या बेरजेवरून लागत नाही. तो लागतो अंकांच्या वर्गांच्या बेरजेवरून, कारण १ आणि २ या दोन्हींच्या वर्गाला ३ ने भागल्यावर बाकी १ च उरते.

हिल आणि लिझाक यांनी १९९५ मध्ये मांडलेले प्रमेय येथे उपयोगी पडते. त्याचे त्रिमान रूप असे: किमान अंतराला ३ ने भाग जात नसेल आणि प्रत्येक शब्दाच्या भाराला ३ ने भागल्यावर बाकी शून्य किंवा अंतराला ३ ने भागल्यावर उरते तेवढीच उरत असेल, तर एक अंक जोडून अंतर एकाने वाढवता येते. ज्यांच्या भाराला ३ ने भाग जातो ते शब्द मूळ कोडपेक्षा एकने कमी मितीचा उपकोड बनवतात. नवा अंक या शब्दांवर शून्य आणि बाकी सर्वांवर शून्येतर ठेवायचा.

तुमच्या कोडमध्ये भार २ आणि ३ एवढेच आहेत. भार ३ असलेले शब्द म्हणजे (१, १, २) आणि त्याची दुप्पट. म्हणून चौथा अंक अ+२ब घ्या. आता (१, २, ०) चा (१, २, ०, २) होतो आणि [४, २, ३] कोड मिळतो.

प्रश्नकर्ता:
पडताळले, आठही शून्येतर शब्दांचा भार ३ आला. आभारी आहे. यालाच आणखी एक अंक जोडून अंतर ४ करता येईल का?

उत्तर २:
नाही. मिती २ असलेल्या त्रिमान कोडच्या जनक सारणीत (जिच्या ओळींपासून कोडचे सर्व शब्द बनतात) परस्परांच्या पटीत नसलेले शून्येतर स्तंभ चारच असू शकतात. पाचवा स्तंभ शून्य तरी असेल किंवा आधीच्या एखाद्याच्या पटीत तरी. दोन्ही प्रकारांत किमान दोन शून्ये असलेला शून्येतर शब्द सापडतोच, म्हणून अंतर ३ च्या पुढे जात नाही.

वरील प्रमेयाचे सर्वांत देखणे उदाहरण मला गोलेच्या त्रिमान [११, ६, ५] कोडमध्ये दिसते. त्यातील शून्येतर शब्दांचे भार ५, ६, ८, ९ आणि ११ एवढेच आहेत, म्हणजे बाकी ० किंवा २. भार ६ चे १३२, भार ९ चे ११० आणि शून्य शब्द मिळून २४३, म्हणजे ७२९ शब्दांचा बरोबर एक तृतीयांश, हाच तो उपकोड. उरलेल्यांना शून्येतर अंक जोडला की [१२, ६, ६] कोड तयार होतो. मात्र प्रमेयाची अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. ती पाळली गेली नाही, एवढ्यावरून कोड वाढवता येत नाही असे म्हणू नये.